मेणकापडावरचं वऱ्हाड

वाचकहो, शोकसभेत खोटं बोलणं हा गुन्हा समजायचा की रीत?

रीत असेल, तर गेल्या रविवारी अकोल्यात मी ती चोख पाळली. माझा मावसभाऊ सुदाम वारला, त्याच्या शोकसभेत मी भाषण केलं. त्याला मी चळवळीचा निष्ठावान सैनिक म्हटलं, अंधारातली मशाल म्हटलं. पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्यांनी माना डोलावल्या आणि सभा संपल्यावर एकाने भाषण छान झालं असं सांगितलं. शोकसभेतलं भाषण छान झालं, याहून मोठी शिवी मला आजवर कोणी दिलेली नाही.

गुन्हा असेल, तर त्याची सुनावणी या पानावरच व्हावी. पण आधी ज्याच्याबद्दल बोलायचं राहिलं त्याच्याशी मला बोलू द्या. शेवटी मी तुम्हाला पुन्हा हाक मारणार आहे, कारण तुमच्याकडे माझं काम आहे.

सुदामभाऊ,

तू सैनिक नव्हतास आणि मशाल तर मुळीच नव्हतास. टॉकीजच्या माडीवरच्या कोंदट खोलीत तू प्रोजेक्टर चालवायचास. आमच्या मंडळाच्या सभा संध्याकाळी भरायच्या आणि संध्याकाळी तुझा खेळ असायचा, त्यामुळे एकाही सभेला तू कधी आला नाहीस. आमच्यासाठी एकदा मात्र तू जे केलंस ते आमच्यापैकी कोणालाच जमलं नसतं. माझ्या सभेची जाहिरात तू काचेवर लिहिलीस आणि मालकाला न विचारता पडद्यावर दाखवलीस, साबणाच्या जाहिरातीनंतर आणि बिडीच्या आधी. मालकाने तुला फैलावर घेतलं. आणि मी? आमची सभा साबण आणि बिडीच्या मधे टाकली म्हणून मी तुझ्यावर चिडले. तू म्हणालास की बिडीच्या जाहिरातीपर्यंत लोक जागेवर असतात, त्यानंतर पाणी प्यायला उठतात, म्हणून मुद्दाम तिथे टाकली. त्या दिवशी सभेला नेहमीपेक्षा जास्त लोक आले, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही.

आपण दोघं एकाच छपराखालची पोरं नव्हतो. मी अमरावतीची, तू अकोल्याचा. छप्पन साली आमच्या घरातले देव निघाले तेव्हा रिकाम्या कोनाड्यात बाबांनी पत्रकं रचून ठेवली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. "बंधू-भगिनींनो" हा मला वाचता आलेला पहिला शब्द. तुमच्या घरातलाही कोनाडा तेव्हाच रिकामा झाला, आणि तू त्यात टॉर्चचे सेल ठेवायला लागलास. दुपारी ते कौलांवर उन्हात तापवायचे आणि पुन्हा कोनाड्यात आणून ठेवायचे. बाबा एकदा तुमच्याकडे आले आणि तो कोनाडा पाहून गंभीरपणे म्हणाले, हे काय? तू म्हणालास, मावसाजी, तुमच्या पत्रकानं डोकं पेटते, माह्या सेलनं दिवा. बाबांना हसू आवरलं नाही. मला आवरलं. मी तेव्हाही तत्त्वाची होते.

ते सेल ज्याच्यासाठी होते, त्याचं नावही मी भाषणात घेतलं नाही.

तुझ्या पुढच्या खोलीत खिडकीखाली एक लाकडी पेटी होती. वर काच, आत दोन रूळ, रुळांवर ताणलेला मेणकापडाचा लांब पट्टा, आणि तो पट्टा फिरवायला मोडक्या ग्रामोफोनचं यंत्र. पट्ट्यावर तू आपलं वऱ्हाड रंगवलं होतंस, विमानातून दिसावं तसं. बाळापूरचा किल्ला, नद्या, मूर्तिजापूरचं स्टेशन आणि तिथून निघालेला शकुंतला गाडीचा बारका रूळ, कपाशीची काळी-हिरवी वावरं, सरकी काढणाऱ्या जिनांच्या उंच चिमण्या. चावी भरली की हे सगळं आपल्याकडे सरकत यायचं. वर पत्र्याचं एक बोटभर विमान. ते डावी-उजवीकडे न्यायला लाकडी मूठ, आणि मुठीवर दारावरच्या घंटीचं बटण. पट्ट्यावर जिथे शत्रूचं विमान काढलेलं, तिथे पितळी खिळ्याचं चपटं डोकं. आपलं विमान नेमकं त्यावर आलं की बटण दाबायचं. वेळ जमली तर लाल दिवा लागायचा, म्हणजे शत्रू पडला. किल्ल्याच्या बुरजाला किंवा चिमणीला आपलं विमान घासलं तर घंटा खणखणायची, म्हणजे आपण पडलो.

तुझं काम दुपारी सुरू व्हायचं, म्हणून सकाळी तुझ्या दारात चपलांचा ढीग असायचा. सगळी पोरांची गर्दी नव्हती ती. जिनात कामाला जाणाऱ्या बाया जाता जाता एक डाव खेळून जायच्या. शेजारच्या पार्वताबाईंना तर विमान म्हणजे ऐकत नसलेला बैल वाटायचा. "सरक ना बापा," त्या मूठ धरून ओरडायच्या, "डोये फुटले का तुहे?" आणि पडल्या की दोष तुला द्यायच्या, चिमणी काल इथं नव्हती म्हणायच्या. तुझा नियम एकच होता: आपला डाव संपला की पुढच्यासाठी चावी भरून द्यायची. कोणी चावी न भरता उठला तर तू काही बोलत नसस. पार्वताबाईच बोलायच्या, आणि तो माणूस पुन्हा कधी विसरायचा नाही.

माझं आणि तुझं भांडण पहिल्या दिवसापासून होतं. आधी भूगोलावरून. तुझ्या पट्ट्यावर मूर्तिजापूर संपलं की लगेच अमरावतीपलीकडचं वलगाव यायचं, मधलं सगळं गायब. मी म्हटलं, हे साफ चूक आहे. तू म्हणालास, "वरून पाह्यलं का सगळं जवळच दिसते वं." तू कधी विमानात बसला नव्हतास. मीही नाही. पण तू ते इतक्या खात्रीने बोललास की वाद तिथेच थांबला.

मग राजकारणावरून. आपल्याच गावांवर लढाई कशाला, असं मी विचारलं. तू ब्रश धूत होतास. मान वर न करता म्हणालास, "दुसऱ्याचं गाव मी पाह्यलं नाई. जे पाह्यलं नाई ते काढता येत नाई मले." मला हे उत्तर तेव्हा अडाणी वाटलं. आता वाटतं, पृथ्वीवरच्या अर्ध्या पत्रकं लिहिणाऱ्यांनी, मला धरून, हे वाक्य भिंतीवर टांगायला हवं.

आणि तरी मी यायचे. बडनेऱ्याला गाडी बदलून, पिशवीत छपाईला द्यायचा मजकूर घेऊन. छापखाना अकरापर्यंत उघडत नाही हे मला माहीत होतं, आणि मी मुद्दाम पहिल्या गाडीने निघायचे. दारात पाऊल टाकलं की तू म्हणायचास, "आली का पत्रकवाली?" आणि जागा करून द्यायचास. मंडळातल्या लोकांना मी सांगायचे की अकोल्याला छपाईचं काम फार असतं.

एकाहत्तरच्या लढाईनंतर पोरं तुझ्या मागे लागली की शत्रूच्या विमानांवर शत्रूची निशाणी काढ. तू रंग संपला म्हणालास. रंग संपला नव्हता, डबा मी पाहिला होता. पण त्या दिवसांत मी युद्धाविरुद्ध एक पत्रक लिहीत होते आणि माझ्या डोक्यात वाफ होती. निशाणी असो नसो, हा खेळ माणसं मारायची गोडी लावतो, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले.

"मी विमान पाडतो," तू म्हणालास, "मानूस नाई पाडत."

"विमान काय रिकामं उडते का?" मी विचारलं. तुझ्या घरात माझी भाषा आपोआप तुझी व्हायची.

पार्वताबाई म्हणाल्या, हे बी खरं हाये. मी जिंकले असं समजून गाडी पकडली.

पुढच्या खेपेला आले तर पेटीवर एक बारीक दोरा ताणलेला होता. मी एक विमान पाडलं. लाल दिवा लागला आणि वरच्या चिमट्यातून कापडाची एक पांढरी छत्री सुटली, दोऱ्यावरून डुलत डुलत खाली यायला लागली. छत्रीला टांगलेला काडेपेटीच्या काडीचा माणूस होता. तो जमिनीवर टेकेपर्यंत आपलं विमान त्याच्यापासून दूर ठेवायचं, धक्का लागला तर घंटा. म्हणजे पाडायचं, आणि पाडलेल्याला वाचवायचंही. खेळ आधीपेक्षा दुप्पट अवघड झाला होता. सगळ्या गल्लीला त्याचं वेड लागलं होतं.

"घे," तू म्हणालास, "आता नाई मरत तुहा मानूस."

माझ्या एका वाक्यासाठी तू किती सकाळी त्या चिमट्याशी झगडला होतास, ते शेवंतावहिनीने, तुझ्या बायकोने, मला परवा सांगितलं. तेव्हा मी काय केलं? मी म्हटलं, हे ढोंग आहे. बंदूक चालवायची आणि मलम लावायचं, हे तर सगळी सरकारं करतात. पोरं माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तू हसून चावी भरायला लागलास, पण तुझे कान लाल झाले होते.

भाऊ, मी का चिडले ते आज सांगते. आपण शेवटचं बोललो त्या भेटीत तू जे विचारलंस त्याचंही उत्तर त्यातच आहे. तू म्हणाला होतास, "दिवा लागला का तू हासते. एरवी तं तुले हासतांना कोनी पाह्यलं नाई. कायचं हासू येते वं तुले?" मी म्हटलं, गाडीची वेळ झाली, पुढच्या खेपेला सांगते. पुढची खेप तुझ्या आजारपणात निघाली. तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडे होतास, आणि त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

उत्तर असं आहे. तुझी विमानं रिकामी होती, माझी नव्हती. प्रत्येक पितळी खिळ्यावर मी एक माणूस बसवला होता. वलगावात माझ्या आईची घागर काठीने उलटी करणारा तो. शाळेत मला दाराबाहेर बसवून, हात लागणार नाही अशा बेताने वही फेकणारे ते मास्तर. आमच्या नव्या धर्माला "नवं सोंग" म्हणणारे बाबांचे साहेब. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि मी हसायचे. पत्रकात शांतता, समता, माणुसकी लिहायचे, आणि पहिल्या गाडीने अकोल्याला येऊन तुझ्या खिडकीखाली एकेकाला पाडायचे. आणि तू काय केलंस? तू त्यांना छत्री दिलीस. घागर उलटी करणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर डुलत डुलत कपाशीच्या वावरात सुखरूप उतरला, आणि वर मीच त्याला जपायचं. म्हणून चिडले.

तुझं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही. त्या माणसाला छत्री द्यावी की नाही, हा वाद माझ्या मनात संपलेला नाही, आणि तू मेलास म्हणून मी तो तुझ्या बाजूने संपवणार नाही. ते पुन्हा खोटं होईल. पण वाद असा होता, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. तुला वाटत राहिलं की तुझी कारागिरी मला आवडली नाही. आवडली होती. एकदा पार्वताबाई पाणी आणायला गेल्या तेव्हा मी एकटीच खेळत होते. छत्री खाली येत होती, आणि मी श्वास रोखून मूठ घट्ट धरली होती. काडीचा माणूस जमिनीला टेकला तेव्हा मला रडू आलं. कोणाला बसवलं होतं त्या विमानात, ते मात्र मी तुलाही सांगणार नाही.

आता शोकसभेचं.

मी उभी राहिले तेव्हा भाषण माझ्या हातात नव्हतं, डोक्यात होतं, आणि त्यात पेटी होती. खरंच होती. "सुदामने एक खेळ केला होता" इथून मी सुरुवात करणार होते. मग समोर पाहिलं. पहिल्या रांगेत अमरावतीची माझी मंडळी, अकोल्याचे पुढारी, एक वकील. मागे, चपलांजवळ, पार्वताबाई आणि जिनातल्या बाया. माझ्या मनात आलं, हे म्हणतील, मोठी तत्त्वाची बाई, आणि अकोल्याला येऊन विमानं पाडते? एवढ्याशा भीतीने मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते पत्रक. लहानपणापासून पाठ असलेलं. त्यात फक्त तुझं नाव घालायचं होतं, आणि ते मी घातलं. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही घोषणा दिली नाही, त्याच्या नावाने मी घोषणा द्यायला लावल्या. मागच्या बायाही हात वर करून ओरडल्या. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

तुझ्या घरी आल्यावर मोठीमायने, तुझ्या आईने, मला जवळ बसवलं. चिडून नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून तिने विचारलं, "तू आज कोनाबद्दल बोलली वं बाई? माह्या सुदामबद्दल तं काईच नाई बोलली."

मी उठून पुढच्या खोलीत गेले. पेटीवर गोधडी टाकून वर सुतळी बांधलेली होती. शेवंतावहिनी गाठ पक्की करत होती. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी कबाडी येणार आहे, ती म्हणाली. पितळ निघेल थोडं, लाकूड चुलीत जाईल. मी विचारलं, काहून? इतकी वर्षं सकाळी दारात गर्दी असायची, आणि ती कुरकुर करत का होईना, सगळ्यांना पाणी द्यायची. या खेळाचा तिला राग नव्हता.

"ताई, तुमी शिकल्या-सवरल्या," वहिनी म्हणाली. "एवढं बोलल्या, पन या पेटीचं नावबी नाई घेतलं. तुमालेच लाज वाटली, तं मी कोन्या तोंडानं घरात ठेवू? लोक म्हनतील, बिनकामाचा मानूस होता, खेळन्यात गेला."

मी तिला सगळं सांगितलं. लाज तुझी नव्हती, माझी होती. खेळ चांगला होता, फार चांगला होता. तिने ऐकून घेतलं आणि गाठ तशीच ठेवली. "मले एकटीले सांगून काय होते?" ती म्हणाली. "जिथं लपवलं तिथं सांगा."

तिचं बरोबर आहे. पण ती सभा पुन्हा भरणार नाही. एका माणसाच्या दोन शोकसभा होत नाहीत. सभेला आलेले बहुतेक जण हे साप्ताहिक वाचतात, आणि जे वाचत नाहीत त्यांना कोणीतरी वाचून दाखवतं. म्हणून इथे सांगते. ऐका, पहिल्या रांगेतल्यांनो: सुदाम सभेला येत नसे. सुदामने मेणकापडावर वऱ्हाड रंगवलं आणि गल्लीला त्यावरून उडवलं. जिनातल्या बायांच्या हाती त्याने विमान दिलं, जे आमच्या एकाही पत्रकाने दिलं नाही. मी ते विमान चालवलं आहे, छपाईच्या कामाचं खोटं सांगून चालवलं आहे, आणि मला ते अतिशय आवडायचं. याबद्दल मला मंडळातून काढायचं असेल तर काढा.

भाऊ, तुझ्याशी एवढंच. रडून हलकं होण्याचा मला अधिकार नाही, आणि क्षमा मागून तुझ्याकडून ती वदवून घेण्याचाही नाही. तू असतास तर कान लाल करून हसला असतास आणि म्हणाला असतास, पत्रकवाली लांबवते फार.

तर वाचकहो, आता तुम्ही. माझ्या एकटीच्या कबुलीने ती गाठ सुटणार नाही, वहिनीने तसं स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या खिडकीखाली बसून गेले आहेत. काही आता नोकरीला लागले आहेत, काहींना मिशा फुटल्या आहेत, काहींना आपण खेळलो होतो हे आठवून माझ्यासारखंच इकडेतिकडे पाहावंसं वाटेल. पाहू नका. येत्या सोमवारच्या आत अकोल्याला, तिच्या दारी जा. कधी खेळला नसाल तरी जा. सांत्वन करू नका, ते तिच्याकडे पुष्कळ जमलं आहे. माझ्यासारखं भाषण तर मुळीच करू नका. चपला दारात काढा आणि एवढंच म्हणा: वहिनी, खेळायला आलो आहोत.